जुन्या वस्तूंची जपणूक आणि साठवणीचा अतिरेक

टाकाऊ वस्तूचा पुन्हा उपयोग करून घेणे ही मराठी संसाराची फार जुनी रीत आहे. नेसून विरलेल्या लुगड्याची गोधडी होत असे. गोधडी फाटली की तिचे तुकडे पायपुसण्याच्या कामी येत. आणि शेवटी उरलेली चिंधी जमीन सारवण्याचे पोतेरे म्हणून झिजून जाई. या क्रमात काहीही वाया जात नव्हते. त्याचबरोबर कोणतीही वस्तू एका जागी फार काळ पडूनही राहत नव्हती. काटकसरीचे कौतुक करताना आपण यातील पहिली गोष्ट आवर्जून सांगतो. दुसरीचा मात्र सहसा विसर पडतो.

पुनर्वापर, दुरुस्ती आणि पुनर्चक्रीकरण यांचा प्रसार आज शासन, शाळा आणि स्वयंसेवी संस्था करीत आहेत, आणि वाढत्या कचऱ्याचा विचार करता तो आवश्यकच आहे. परंतु काही घरांत ‘कधीतरी उपयोगी पडेल’ या एका वाक्याच्या आधारे वस्तूंचे असे ढीग साचत जातात की, माणसांना वावरण्यास जागा उरत नाही. वरवर पाहता दोन्हींचे मूळ एकच वाटते. प्रत्यक्षात एक गुण आहे आणि दुसरा कित्येकदा आजार असतो. गावच्या आरोग्याची आणि स्वच्छतेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना हा फरक ओळखता येणे अगत्याचे आहे. कारण तो न ओळखल्यास एकीकडे चांगल्या सवयीची हेटाळणी होते आणि दुसरीकडे आजारी माणसाच्या घरावर सफाईची मोहीम चालून जाते.

कौलांचा ढीग

वसई-विरार परिसरात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. पश्चिमेच्या पट्ट्यातील जुन्या वाड्यांत कौलारू घर, पुढे ओटी, वर माळा, मागे विहीर आणि बावखल अशी रचना असे; काही ठिकाणी ती अद्याप टिकून आहे. अशा घराच्या मागील भिंतीला टेकून जुन्या कौलांची चळत रचलेली दिसते. परक्याला ती अडगळ वाटेल. पण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छपरावर चढून कौले चाळली जातात, फुटकी काढली जातात आणि त्या चळतीतील चांगली कौले त्यांच्या जागी बसविली जातात. तीच गोष्ट नारळाच्या सोडणांची, झावळ्यांची आणि केळीच्या सोपटांची. त्यांतील काही जळणाला, काही बांधायला, काही खताच्या खड्ड्यात जाते. येथे साठवण आहे. परंतु तिला हंगाम आहे, ठरलेली जागा आहे आणि ती वापरणारा हातही ठरलेला आहे.

आता लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस उभ्या राहिलेल्या इमारतींकडे पाहू. मुंबईतील चाळी आणि गिरणगाव सोडून हजारो कुटुंबे गेल्या चार-पाच दशकांत नालासोपारा, विरार, वसई रोड आणि नायगाव येथे राहावयास आली. १९९० मध्ये या भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले. पुढे ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासच्या अनेक ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांहून अधिक नोंदली गेली. चाळीतून येताना कुटुंबांनी काटकसरीचे संस्कार सोबत आणले. नव्या सदनिकेत माळ्याऐवजी न्हाणीघरावरचा एक पोटमाळा मिळाला, ओटीऐवजी जिन्यातील चार हात जागा. कौलांची चळत ठेवण्याची वृत्ती तीच राहिली. चाळायची कौले मात्र राहिली नाहीत.

दारावर येणारी माणसे

जुन्या व्यवस्थेत वस्तू घराबाहेर जाण्याच्या वाटा पुष्कळ होत्या, आणि त्या बहुतेक दारावरूनच जात. कल्हईवाला नवसागर आणि कथील घेऊन येई आणि पितळेच्या भांड्यांना पुन्हा वापरण्याजोगे करून जाई. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बाया येत. पिंजारी जुन्या गादीतील कापूस पिंजून देई. बुरूड सुपाला, रोवळीला नवी कड बांधून देई. बोहारीण जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडे देई आणि ते कपडे निवडून, शिवून, पुन्हा बाजारात आणी. झारेकरी तर सोनाराच्या दुकानासमोरची धूळसुद्धा गाळून तिच्यातील कण वेगळे करीत. ही सर्व माणसे म्हणजे दुरुस्ती आणि पुनर्चक्रीकरण यांची चालती-बोलती यंत्रणा होती; तिला कोणी तसे नाव दिले नव्हते इतकेच. समाजाने त्यांच्या कामाला प्रतिष्ठाही दिली नाही, ही गोष्ट येथे सांगितली पाहिजे.

यांपैकी बरेच जण आता दारावर येत नाहीत, आणि घरातील वस्तूंचे स्वरूपही पालटले आहे. पितळी तपेल्याला कल्हई करता येते. सांधा नसलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय मोडल्यास तिचे काय करावे हे कोणालाच सांगता येत नाही. बंद पडलेला मिक्सर, जुने भ्रमणध्वनी, त्यांच्या वायरी आणि चार्जर, चित्रवाणी संच, औषधांच्या अर्धवट पट्ट्या, रंगाचे डबे यांपैकी कशालाच सरळ मार्ग नाही. रद्दीवाला कागद घेतो, भंगारवाला लोखंड घेतो, उरलेले सारे घरात राहते. घरातील माणसाला वस्तू टाकवत नाही, कारण टाकली तर ती गोखिवरे परिसरातील भोयदापाड्याच्या कचराभूमीवर जाणार हे तो जाणतो. दुरुस्त करवत नाही, कारण दुरुस्ती करणारा सापडत नाही किंवा नव्या वस्तूइतकेच पैसे मागतो. मग ती ‘तूर्त’ पोटमाळ्यावर जाते. तूर्त हा शब्द फार लवचिक आहे.

शिक्षकांनी रागावू नये, पण ‘टाकाऊतून टिकाऊ’ या आपल्या आवडत्या उपक्रमाचाही यात थोडा वाटा आहे. बाटलीची फुलदाणी, पत्रिकांचे तोरण, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर अशा वस्तू प्रदर्शनात मांडल्या जातात आणि नंतर घरातील कपाटावर धूळ खात बसतात. बाटली टाकाऊ होती ती फुलदाणी झाल्याने टिकाऊ झाली खरी, पण उपयुक्त झाली का, हा प्रश्न मुलांना विचारला जात नाही. तुटलेल्या छत्रीची काडी बसविणे, दप्तराची शिवण घालणे, सायकलचे पंक्चर काढणे ही कामे प्रदर्शनात दिसायला साधी असतात. शिकविण्याजोगी मात्र तीच आहेत.

सवय कोठे संपते

येथपर्यंत सांगितलेली अडगळ ही बहुतेक घरांतील गोष्ट आहे आणि दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत ती पुष्कळशी निघते. काही माणसांच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. वस्तूची किंमत काहीही असो, तिच्यापासून वेगळे होणे त्यांना जमत नाही. वेगळे होण्याच्या नुसत्या कल्पनेने त्यांचा जीव कासावीस होतो. परिणामी स्वयंपाकाच्या ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर निजता येत नाही, दार पूर्ण उघडत नाही. इंग्रजी वैद्यकग्रंथांत ज्याला ‘होर्डिंग डिसऑर्डर’ म्हणतात तो हा विकार. आपण त्याला अतिसंचयाचा विकार म्हणू. ‘साठेबाजी’ हा शब्द येथे कटाक्षाने टाळावा. साठेबाजी नफ्यासाठी केली जाते आणि १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली तिच्यावर कारवाई होते. अतिसंचय करणाऱ्याला कसलाही नफा नसतो. असते ती दमछाक, आणि पुष्कळदा लाज.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या नियमग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. त्याआधी तो मंत्रचळेपणाचाच एक प्रकार समजला जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली; तिच्यातही त्याची स्वतंत्र नोंद आहे. मुख्यतः पाश्चात्त्य देशांत झालेल्या पाहण्या एकत्र करून शंभरात सुमारे अडीच माणसे असा अंदाज काढण्यात आला आहे. तो आकडा तसाच्या तसा आपल्या गावाला लावण्याचे कारण नाही. मात्र हा काही लाखांत एखाद्याचा दुर्मिळ आजार नव्हे, एवढे त्यावरून ध्यानात यावे. त्याची पहिली चिन्हे बहुधा अकरा ते पंधरा या वयात दिसू लागतात, वयाबरोबर ती वाढत जातात आणि साठीच्या आसपास घर भरून गेल्यावर लोकांच्या नजरेस येतात. (मुलांनी शंख, गोट्या किंवा तिकिटे जमविण्याचा याच्याशी काही संबंध नाही, तो बालपणाचा हक्कच आहे.)

‘ज्याने लहानपणी अभाव पाहिला तोच पुढे साठवतो’ असा एक सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालपणीच्या गरिबीशी असा संबंध आढळला नाही. कुटुंबात हा विकार आधीपासून असणे, निर्णय घेण्यात वाटणारी अडचण, आणि जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा अन्य मोठा आघात या गोष्टींशी तो अधिक निगडित दिसतो. म्हणून एखाद्या वृद्ध विधवेच्या घरात ढीग वाढू लागले तर ‘जुन्या वळणाची, चिकट बाई’ असे म्हणून मोकळे होण्यापूर्वी तिच्याकडे गेल्या दोन-तीन वर्षांत काय घडले याची विचारपूस करणे योग्य. विस्मरणाचा आजार, औदासीन्य किंवा अन्य मनोविकार यांमुळेही घर असे होऊ शकते. त्यांचा उपचार निराळा असतो, आणि तो निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा असतो.

या विकारात प्रेमाचा अंश किती असतो याचे एक जुने उदाहरण न्यूयॉर्क शहरातील आहे. हार्लेम भागात राहणारे होमर आणि लँग्ली कॉलयर हे दोघे भाऊ १९४७ मध्ये आपल्या घरात मृतावस्थेत सापडले. होमर अंध झाला होता. त्याची दृष्टी परत आली म्हणजे त्याला मधल्या काळातील बातम्या वाचता याव्यात यासाठी लँग्ली वर्षानुवर्षे वर्तमानपत्रे जपून ठेवीत होता. त्याच ढिगांपैकी एक कोसळून लँग्ली गाडला गेला आणि त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असलेला होमर अन्नावाचून गेला. होमरचा मृतदेह मार्चमध्ये मिळाला. लँग्लीचा तेथून काही फुटांवर असूनही एप्रिलमध्ये सापडला, कारण मध्ये सामान होते. त्या घरातून शंभर टनांहून अधिक वस्तू काढण्यात आल्या.

जपणूक म्हणजे काय याचे प्रत्यंतर हवे असल्यास मात्र न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले तेव्हा तेथील स्तूपाच्या पोटात दगडी करंडा निघाला. त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा अशा एकात एक बसविलेल्या डब्या होत्या, आणि सर्वांत आतील सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याची काही बारीक खापरे होती. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे असावेत अशी समजूत आहे. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. खापरांना बाजारात मोल नाही. तरी ती शतकानुशतके टिकली, कारण ती मोजकी होती, कोणी तरी निवडलेली होती आणि तिच्यासाठी जागा केलेली होती. आजीच्या शंभर वस्तूंपैकी चार निवडून नीट ठेवल्या तर त्या आठवण म्हणून राहतात. शंभरही ठेवल्या तर त्या चार कोठे आहेत हेच कळेनासे होते.

आणखी एक भेद अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. वसई आणि नालासोपारा पूर्वेच्या वस्त्यांत कित्येक कुटुंबे भंगार वेचून, निवडून पोट भरतात आणि त्यांचे घर व त्यांचे कोठार एकच असते. तेथील पोत्यांचा ढीग हे आजाराचे लक्षण नाही. तो आठवड्या-पंधरवड्याने वजनकाट्यावर जातो आणि त्याचे पैसे होतात. त्यांना हवी असते ती निवडीसाठी स्वतंत्र, छप्पर असलेली जागा.

पाऊस, डास आणि आग

अतिसंचय हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे असे म्हणून स्वस्थ बसता येत नाही, ते वसईच्या हवामानामुळे आणि दाट वस्तीमुळे. जुलै २०१८ मध्ये हा परिसर अनेक दिवस पाण्याने वेढलेला होता. मिठागरातील रहिवासी अडकून पडले होते आणि मोठ्या भागात वीज नव्हती. तळमजल्यावरील घरात सामान जमिनीपासून छतापर्यंत रचलेले असेल तर अशा प्रसंगी म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढणेही दुष्कर होते. भिजलेले कागद आणि कपडे पुढे बुरशीचे घर बनतात. गच्चीवरील जुने टायर, फुटके डबे आणि रिकाम्या कुंड्या यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणारा डास वाढतो. अंड्यापासून डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेलाही कित्येक महिने तग धरतात, हे विशेष. म्हणून उन्हाळ्यात कोरडा दिसणारा डबादेखील निर्दोष नसतो.

आगीचा धोका तर वर्षभराचा. पुष्कळ इमारतींत विजेचे मीटर जिन्याखाली असतात आणि त्यांच्याच समोर जुन्या गाद्या, रद्दीचे गठ्ठे, मोडकी कपाटे ठेवलेली असतात. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा स्वतंत्र अधिनियम आहे. जिना ही सर्वांची निसटण्याची वाट असल्यामुळे तेथील सामान हलविण्याबाबत गृहनिर्माण संस्थेने भीड ठेवण्याचे कारण नाही. घराच्या आतील सामानाला तोच न्याय लावता येत नाही.

सक्तीची सफाई का फसते

शेजाऱ्यांची तक्रार येते, वृद्ध व्यक्ती रुग्णालयात किंवा मुलीकडे गेलेली असताना नातेवाईक टेम्पो बोलावतात आणि दोन दिवसांत घर रिकामे करतात. हेतू चांगला असतो. परंतु परत आलेल्या माणसाला तो दरोडा वाटतो. नातेवाइकांवरील त्याचा विश्वास उडतो, तो दार उघडीनासा होतो आणि वर्ष-दोन वर्षांत घर पुन्हा भरते. कारण वस्तू गेल्या तरी निवड करण्याची अक्षमता जागच्या जागी असते. या विकारावर आज जो उपचार सर्वाधिक मान्यता पावला आहे तो विचार आणि वर्तन यांच्या पुनर्शिक्षणाचा आहे. त्यात व्यक्ती स्वतःच्या हाताने, थोड्या थोड्या वस्तू निवडण्याचा सराव करते. नवी वस्तू घरात न आणण्याचा अभ्यास करते. आणि टाकल्यानंतर वाटणारी बेचैनी काही वेळाने आपोआप ओसरते हे अनुभवते. याला महिने लागतात.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आला. एखाद्याचे वागणे समाजाच्या नैतिक, सामाजिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी जुळत नाही एवढ्याच कारणावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे. उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता माणसाला आहे असेच गृहीत धरावयाचे असते. दुसऱ्या बाजूने, मनोविकार असलेल्या व्यक्तीकडे घरात दुर्लक्ष होत आहे किंवा तिचा छळ होत आहे असे मानण्यास कारण असल्यास पोलिस ठाण्याच्या अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांना कळवावयाचे असते. या दोन मर्यादांच्या मध्ये जे काम उरते ते समजुतीचे आहे, आणि ते आशा कार्यकर्ती, शिक्षक किंवा वॉर्डातील ओळखीचा माणूस यांनाच साधते.

बोलण्याची पद्धत येथे फार महत्त्वाची. ‘मावशी, हा सगळा कचरा कधी काढणार?’ असे विचारले की संवाद तेथेच संपतो, कारण मावशींच्या लेखी तो कचरा नसतो. ‘मावशी, रात्री उठलात तर पाय कोठे ठेवता?’ या प्रश्नाला उत्तर मिळते. आरंभ पलंगापासून दारापर्यंतच्या वाटेने करावा. मग गॅसची शेगडी, मग विजेची बटणे. आठवणींच्या वस्तूंना, विशेषतः गेलेल्या माणसाच्या कपड्यांना आणि पत्रांना, शेवटपर्यंत हात लावू नये. पहिल्या भेटीत एकही वस्तू बाहेर गेली नाही तरी ती भेट वाया गेली असे समजू नये. मनोविकारविषयक सल्ल्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलिमानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय, जे १९०१ पासून चालू आहे, तेही वसईकरांना फार दूर नाही.

वस्तूंना वाट

ज्या घरांत विकार नाही, नुसती अडगळ आहे, अशी घरे अर्थातच बहुसंख्य आहेत, आणि तेथे प्रश्न मनाचा कमी व वाटेचा अधिक आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले व कचरावेचकांच्या कामाची दखल घेतली. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीने त्यापूर्वीच या कामगारांना संघटित केले होते. ई-कचऱ्यासंबंधीचे सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार विकलेल्या उपकरणांच्या प्रमाणात जुन्या उपकरणांचे पुनर्चक्रीकरण घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर येते. मे-जून २०२३ मध्ये देशभरातील नगरसंस्थांनी जुने कपडे, पुस्तके, खेळणी व भांडी स्वीकारणारी केंद्रे उघडण्याची मोहीम राबविली. अशी केंद्रे मोहिमेपुरती उघडली गेली की लोकांचा विश्वास बसत नाही. महिन्यातील एक ठरलेला वार, एकच ठरलेली जागा आणि आलेल्या वस्तूचे पुढे काय झाले याचा फळ्यावर लिहिलेला हिशेब, एवढे सातत्य ठेवले तर पोटमाळे आपोआप हलके होऊ लागतात.

दुरुस्तीच्या बाबतीतही असेच. ॲमस्टरडॅम येथे मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला. लोकांनी बिघडलेली वस्तू घेऊन यावे आणि जाणत्या स्वयंसेवकासोबत बसून ती दुरुस्त करावी, अशी ती साधी कल्पना पुढे अनेक देशांत पसरली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याविषयीचा निर्देश संमत केला. आपल्याकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थी, गावातील सायकलवाला, शिवणकाम करणारी महिला बचत गटाची सभासद आणि निवृत्त वायरमन यांना शाळेच्या पटांगणात एका रविवारी एकत्र आणण्यास कोणत्याही नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही. मात्र त्यांच्या कामाचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत. फुकट दुरुस्तीच्या मेळाव्याने गावातील एकुलत्या एका कारागिराचे गिऱ्हाईक तोडणे हे शहाणपणाचे नाही.

अशा मेळाव्यात एक नियम पाळल्यास पुष्कळ फरक पडतो. दुरुस्तीसाठी घरात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावावी आणि तीवर तारीख लिहावी. पुढील दोन मेळाव्यांत ती वस्तू आणली गेली नाही, तर तिची दुरुस्ती होणार नाही असे समजून ती सुट्या भागांसाठी द्यावी. ठेवण्याला मुदत घातली की जपणूक आणि साठवण यांतील रेषा घरातील माणसाला स्वतःलाच दिसू लागते. बाहेरच्याने ती दाखविण्याची वेळ येत नाही.

संत गाडगेबाबांचे चित्र आपल्या बहुतेक ग्रामपंचायतींच्या भिंतीवर असते. २०००-०१ पासून राबविलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिलेले आहे. त्या चित्रात बाबांच्या अंगावर ठिगळांचे वस्त्र आहे आणि हाती खराटा आहे. आपल्या स्वच्छता समित्या खराट्याकडे पाहून गुण देतात. ठिगळाकडेही त्यांनी पाहावे. गावात किती वस्तू दुरुस्त झाल्या आणि किती दुसऱ्याच्या उपयोगी पडल्या, याची नोंद तपासणीच्या वेळी मागण्यास हरकत नसावी.

एक सावधगिरी मात्र वसईकरांना निराळी सांगावी लागते. घरातून निघालेले सामान बावखलात जाऊ नये. पावसाचे पाणी साठवून भोवतालच्या विहिरी भरत्या ठेवणारी ही जुनी तळी कित्येक ठिकाणी राडारोडा आणि कचरा टाकून बुजविण्यात आली आहेत, आणि ज्या वाडीचे बावखल गेले तिच्या विहिरीच्या पाण्यावर त्याचा परिणाम झाल्यावाचून राहत नाही. आवराआवरीची मोहीम बहुधा मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर निघते, आणि त्याच वेळी बावखले कोरडी पडलेली किंवा तळाशी गेलेली असल्याने ती भराव टाकण्यास सोयीची जागा वाटते. म्हणून मोहिमेची तारीख ठरविण्यापूर्वी वाहन कोठे रिकामे होणार, ई-कचरा कोण नेणार आणि लाकूडफाटा कोणाला द्यावयाचा, हे ग्रामपंचायतीने किंवा प्रभाग कार्यालयाने लेखी ठरवून घ्यावे, आणि ज्या घरात एकटी वृद्ध व्यक्ती राहते त्या घराची भेट मोहिमेच्या आधी पंधरा दिवस, सामान न हलविता, एकदा करून ठेवावी.